गुणाजीशेटचा कर्णा

श्रीवर्धन, ३ डिसेंबर १९३५

आगबोटीतून होडीत आणि होडीतून गुडघाभर पाण्यात उतरलो, तरी स्वारी खूष! जाहिरातकलेच्या वर्गातले बाकीचे गिरगावात पाट्या रंगवत बसलेत आणि मला मिळालाय खराखुरा लाउडस्पीकर. गुणाजीशेट सुपारीचे व्यापारी. आता त्यांनी ‘शक्तिसागर’ नावाचं आसव काढलंय. त्याची जाहिरात मी मायक्रोफोनवरून करायची. दुकानावरच्या माडीत माझी खोली. तिथेच रेडिओ, ग्रामोफोन, बॅटऱ्या. खिडकीबाहेर भलामोठा कर्णा. स्वयंपाकीण बायजाने तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण वाढलं. तुडुंब जेवलो.

५ डिसेंबर

संध्याकाळी मुंबई केंद्र लावलं. गाणं ऐकायला अख्खी पेठ लोटली. एका म्हाताऱ्याने तर कर्ण्याला हात जोडले. मधूनमधून मी आसवाचे गुण सांगत होतो, बाटल्या भराभर खपल्या. सगळे मला ‘मास्तर’ म्हणू लागलेत. शेटची दुसरी बायको राही माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. दारात उभी राहून ऐकत होती. शेटनी नुसतं वळून पाहिलं, तशी आत गेली.

८ डिसेंबर

शेटची एक तऱ्हाच आहे. दुपारी जेवण झालं की ते मागच्या सुपारीच्या कोठीत जातात. जाताना जिन्यावर काठी आपटतात. ती ऐकली की मी तबकडी लावायची आणि आवाज पुरता सोडायचा. मी म्हटलं, भर दुपारी गिऱ्हाईक कुठलं? ते हसून म्हणाले, वर्गात शिकलास ते मुंबईत. इथं मी सांगेन तसं.

११ डिसेंबर

आज बॅटरी मध्येच बसली. गाणं तुटलं आणि कोठीतून बाईची किंकाळी आली. मग काहीतरी ओलं लाकडावर आपटल्यासारखं. पुन्हा किंकाळी.

खिडकीतून पाहिलं. समोरचा कापडवाला गज हातात धरून थांबला होता. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला होता. मान कुणीच वर केली नाही.

शेट खालून ओरडले, “मास्तर! गाणं!”

मी दुसरी बॅटरी जोडली. जोडली मी.

१२ डिसेंबर

बायजाला गाठलं. तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, शेटची पहिली बायको सोनूबाई विहिरीत पडली असं सांगतात.

“इहिरीत पडल्याली बाई. तिची बोटं कापल्याली असत्यात व्हय, मास्तर?”

तेव्हा कर्णा नव्हता. मग राही आली, तिच्याही रोजच्या ओरडण्याला पेठ कंटाळली, कुरकुरली. म्हणून शेटनी कर्णा आणला. आणि मला.

१४ डिसेंबर

राही विहिरीवर दिसली. हाताला फडकं, फडकं लाल. म्हटलं, सकाळच्या होडीने चल माझ्याबरोबर. म्हणाली, होडी त्यांचीच आहे. पाटलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पान खाल्लं. मी घरी पोचायच्या आत शेटना सगळं कळलं होतं.

१५ डिसेंबर

काठी आपटली. मी तबकडी लावली नाही.

शेट वर आले. काठी जबड्यावर — दोन दात हातात आले. मी जमिनीवर पडलेला असताना त्यांनी स्वतः तबकडी लावली, सावकाश, पुसून. मग खाली गेले.

भाकरी चावता येत नाही. बायजाने पेज दिली. रडत होती.

१६ डिसेंबर, दुपार

काठी आपटली. मी मायक्रोफोन उचलला.

सगळं बोललो. राही, सोनूबाई, बोटं, विहीर. कोण कोण ऐकून गप्प बसलं, त्यांचीही नावं — कापडवाला, न्हावी, पाटील. म्हटलं ती अजून जिवंत आहे, धावा —

कापडवाला उठला. फळ्या लावतोय. न्हावीही. दुकानं धडाधड बंद.

नाही — येतायत! सगळे इकडेच येतायत. देवा.

कोठीतून आवाज येईनासा झालाय. शेट अंगणात आले. हात कोपरापर्यंत लाल. घोळका थांबला. कुणी धरलं नाही त्यांना. पाटील काहीतरी बोलले, वर माझ्या खिडकीकडे बोट —

जिन्यावर पावलं. पुष्कळ. न्हावी हाक मारतोय, गोड आवाजात, मास्तर, दार उघडा, तुम्हाला न्यायला आलोय. खरं असेल. कडी काढतो —

बायजा ओरडतेय खालून, उघडू नका, त्यांच्या हातात —