तुझ्या पुस्तकातली चोर मीच ना?

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद घे. खोकला गेला का ते कळव, गरम पाणी पीत जा, पोरींना माझ्याकडून एकेक पापा दे. (बायकोला नको, तिला नुसतं विचारलंय म्हणून सांग.) इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या दाजींची कंबर धरली होती ती सुटली, लॉन्ड्रीतलं धुलाईचं मशीन बंद पडलं होतं ते चालू झालं, आणि सासूबाई हरवल्या होत्या त्या सापडल्या. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मी तुझ्यासारखी नाही. तुझ्या पुस्तकात माणूस विहिरीच्या काठावरून घसरला की तू तिथेच प्रकरण संपवतोस आणि पुढच्या पानावर भलत्याच घरातली गोष्ट सुरू करतोस. इकडे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. मला असलं जमत नाही आणि आवडतही नाही. सासूबाई घरात आहेत, खुर्चीत बसून उशांचे अभ्रे घडी करतायत, आत्ताच मला म्हणाल्या की तुझं अक्षर घाण आहे. तर आता निवांत पुढचं वाच.

तू पाठवलेलं पुस्तक मिळालं. "कॉलरखालची खूण", आणि आत तुझ्या हाताने लिहिलंयस, "ताईस, प्रेमाने." प्रेमाने! मी चौथीत शाळा सोडलेली बाई. ओळीखाली बोट ठेवून वाचते, त्यात एका हाताला इस्त्री, म्हणून मला वेळ लागला. तोवर अख्ख्या गल्लीतल्या पोरांनी ते वाचनालयातून आणून संपवलं होतं. म्हणजे तुझ्या गोष्टीतली हिऱ्यांची चोर लॉन्ड्रीवाली बाई आहे, तिच्या हनुवटीवर तीळ आहे, वाफेने तिचा एक डोळा कायम बारीक असतो, ती चपला फटफट वाजवत चालते आणि दर दोन वाक्यांना "वेळ नाही मला" म्हणते, हे सगळ्यांना कळलं आणि शेवटी मला. मी ते पान तुझ्या दाजींना वाचून दाखवलं आणि विचारलं, ही कोणासारखी वाटते हो तुम्हाला? दाजी पुसलेलं टेबल परत पुसायला लागले. (वीस वर्षं संसार केलेला माणूस आहे, कुठे गप्प बसायचं ते त्याला कळतं. तुला कधी कळणार?)

आणि त्या खुणा! लहानपणी सुट्टीला माझ्याकडे यायचास तेव्हा मीच तुला शिकवलं की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉलरखाली पक्क्या शाईने खूण करायची, म्हणजे कपडे एकमेकांत जात नाहीत. दातांच्या डॉक्टरांना दोन टिंबं आणि एक रेघ, बेकरीवाल्याला फुली, असं. तेव्हा खाली मान घालून टिंबं काढत बसायचास, मला वाटायचं पोरगं शहाणं आहे. मोठा होऊन तू छापलंस काय, तर त्या खुणा म्हणजे टोळीला दिलेले गुप्त निरोप! अरे, एका टिंबात मावतो का निरोप? मला एका पत्रात मावत नाही.

बाकी पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. भुयाराचं दार बंद होतं आणि आत पाणी चढायला लागतं ना, तिथे मी डॉक्टरांचा निळा शर्ट जाळला. वास आला तरी पान सोडवेना. पण काही गोष्टी खटकल्या त्या सांगते. तुझ्या त्या पोरांना भूक लागत नाही. दिवसभर उंडारतात पण एकाचीही आई दारात येऊन हाक मारत नाही. बॅटरीचे सेल कधी संपत नाहीत. आणि शेवटी ती बाई पकडली जाते तेव्हा कोणी न विचारता दोन पानं बोलते, कसं चोरलं, कुठे ठेवलं, कोण सामील होतं. कोण बोलतं रे असं? मी असते तर दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिले असते. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

तर पुस्तक वाचून आमच्या गल्लीत टोळी तयार झाली. म्होरकी डॉक्टरांची मुलगी, दातांना तारा लावलेली, तिला मी तारवाली म्हणते. दुसरा ढापण्या, मोठ्या चष्म्याचा. तिसरी त्याची धाकटी बहीण शेंबडी, तिचं नाक आणि तोंड दोन्ही चालू असतं. आणि बेकरीवाल्याचा कुत्रा, तुझ्या पुस्तकात कुत्रा आहे म्हणून. (तो झोपतो. माग काढायला म्हणून नेला तर बेकरीत जाऊन झोपला.) शाळा सुटली की ही फौज समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर, हातात भोकं पाडलेलं वर्तमानपत्र धरून, थेट माझ्या दारावर नजर. मी कचरा टाकला की उचकतात. मी शिंकले की वेळ बघतात. तारवालीने बापाची कॉलर उलटून पाहिली आणि तिथे दोन टिंबं आणि एक रेघ! झालं, बापही माझ्या चोरांच्या टोळीत. डॉक्टर बिचारे दुकानात येऊन मला म्हणाले, "ताई, काल जेवताना आमची मुलगी विचारत होती, तुम्ही हिरे लोकांच्या कुठल्या दाढेत भरता म्हणून." मी म्हटलं, वेळ नाही मला. म्हटलं आणि जीभ चावली, कारण पायरीवर तिघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या.

मी ओली चादर घेऊन मागे धावले, दाजींनी समजावलं, बेकरीवाल्याने बिस्किटं देऊन फितवून पाहिलं. बिस्किटं खाल्ली आणि परत येऊन बसली. त्यांच्यापायी मी इतकी वैतागले होते की तुला तेव्हाच पत्र लिहिणार होते, आणि ते फार वाईट झालं असतं. बरं झालं लिहिलं नाही.

आता सासूबाईंचं. तुला माहीत आहे, हल्ली त्यांचं डोकं मागे मागे जातं. पूर्वी त्या स्टँडजवळच्या लॉजला चादरी पोचवायच्या. लॉज बंद होऊन जमाना झाला, तिथे मोबाइलचं दुकान आहे, पण त्यांच्या डोक्यात लॉज अजून चालू आहे आणि चादरींना उशीर होतोय. त्या दिवशी मशीन बंद, मशीनवाला खाली घुसलेला, मी त्याला बॅटरी धरून उभी. (बॅटरीचे सेल संपले. बघ, खरं असं असतं.) मी सेल आणायला वळले तर मागचं दार उघडं, चादरींचं गाठोडं नाही, खुर्ची रिकामी.

धाकट्या, तुला काय सांगू. दाजी कमरेला हात लावून स्कूटरवर एका बाजूला गेले, मी चपला फटफटवत दुसऱ्या. बाग पाहिली, दवाखाना पाहिला, बेकरीत विचारलं. कोणी पाहिलं नाही. त्यांना घरचा पत्ता सांगता येत नाही. विचारलं तर माहेरचा सांगतात, आणि माहेरी आता कोणी नाही. आणि स्टँडकडे जायचं तर मध्ये तो मोठा रस्ता, ट्रक काही थांबत नाहीत. रोज उठून मी त्या बाईशी भांडते, मीठ जास्त, पाणी गार, घडी वाकडी. पण ती रिकामी खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

परत दुकानाशी आले तर पायरीवर एकटी तारवाली. मी म्हटलं, "पोरी, आमच्या आजी पाहिल्यास का गं?"

तिने वर्तमानपत्राच्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. "आम्ही गुन्हेगारांना माहिती देत नाही."

"अगं, म्हातारी हरवलीये माझी!"

"तुमची हस्तक हरवलेली नाही. ती माल घेऊन मागच्या दाराने निघाली. आमची माणसं तिच्या मागावर आहेत."

मला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली आणि पापाही घ्यावासा वाटला, दोन्ही एकदम. मी विचारलं कुठे, तर म्हणे आधी गुन्हा कबूल करा. मी हात जोडले, तर म्हणे पुस्तकातली बाईसुद्धा आधी हात जोडते. मग मी म्हटलं, हो बाई, मीच चोर. तिने विचारलं, हिरे कुठे आहेत? म्हटलं, दाढेत. कुठल्या? खालच्या! कोणाच्या? पोस्टमनच्या! आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. टोळीत कोण, तर मशीनवाला. खुणा कोणासाठी, तर बोटीवरच्या माणसासाठी. (कुठली बोट, मला काय माहीत, तुझ्या पुस्तकातली.) बोलता बोलता हेही बोलून गेले की तुझ्या बापाचा निळा शर्ट सापडत नाही म्हणून सांगितलं तो मी जाळलाय. भरदिवसा रस्त्यात उभी राहून मी दोन पानं बोलले रे! तेव्हा तुझ्या त्या बाईबद्दल मी वर जे लिहिलंय ते मागे घेते. बोलतात. बोलावं लागतं.

तारवाली समाधानाने उठली आणि निघाली. तीसुद्धा सरळ नाही, भिंतीला चिकटून, कोपऱ्यावर थांबून, एक डोळा बाहेर काढून. मी म्हटलं, चल की गं, वेळ नाही मला! तर वळून म्हणते, "तुमची सवय जात नाही ना?"

मोठा रस्ता आम्ही ओलांडला. आणि पलीकडे मोबाइलच्या दुकानाच्या पायरीवर सासूबाई. मांडीवर गाठोडं. समोर ढापण्या आणि शेंबडी, चादरीची दोन-दोन टोकं धरून उभी. पाळत बिळत राहिली बाजूला, सासूबाईंनी त्यांना कामाला जुंपलं होतं. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "किती उशीर केलास. मी दोन माणसं ठेवली." मग हळूच म्हणाल्या, "ही बारकी चांगली आहे, चादर ओढत नाही. पण नाक पुसत जा म्हणावं."

मागून कळलं ते असं. मागावर असताना लपून राहायचं, काही झालं तरी पुढे यायचं नाही, असा त्यांचा नियम. पण सासूबाई रस्त्यात उतरल्या आणि ट्रक आला. ढापण्या नियम धरून खांबामागे उभा राहिला, आणि शेंबडीने नियम मोडला. धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि मागे ओढलं. ढापण्या तिच्यावर अजून चिडलेला आहे, म्हणतो हिने सगळी मोहीम बिघडवली. मी त्या पायरीवर बसले ती उठेचना. रडले नाही. वाफ गेली डोळ्यांत. (रस्त्यात कुठली वाफ, असं विचारू नकोस.) दाजी आले, त्यांनी आईला बघितलं आणि त्यांची कंबर तिथल्या तिथे सुटली, खोटं वाटेल पण खरं आहे. मग सगळे मिळून बेकरीत गेलो आणि पोरांना हवं ते खाऊ दिलं. कुत्रा तिथेच झोपलेला होता.

तर जीव भांड्यात पडला आहे. पण म्हणून मी तुला सोडणार नाही. पुस्तक परत छापशील तेव्हा ती बाई बदल. शिंपी कर, घड्याळवाला कर, नाहीतर तुझ्यासारखा लेखक कर, दिवसभर काय करतो ते कोणालाच कळत नाही. तीळ काढ. डोळा नीट कर. एवढं केलंस तर सुट्टीत ये, नाहीतर तुझ्या कॉलरखाली अशी खूण करीन की धुतल्यावर शर्टाच्या वरूनही दिसेल.

खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस. इस्त्री तापली, उठते.

तुझी,
(पुस्तकात छापलेली) ताई

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, त्याला आठवडा झाला. आता वर लिहिलेलं सगळं राहू दे, ती बाई बदलू नकोस. झालंय असं की त्या पोरांनी मला सोडून दिलंय. परवा तिघं दुकानात आली, हात मिळवला आणि सांगितलं की तुम्ही निर्दोष आहात. ढापण्याचं म्हणणं, खरा गुन्हेगार इतक्या लवकर कबूल होत नाही. आता ती पलीकडच्या गल्लीत सायकलवाल्याच्या मागे लागली आहेत. समोरची पायरी रिकामी. आणि काल सासूबाई गाठोडं घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचल्या, बेकरीवाल्याने पाहिलं म्हणून बरं. मी इस्त्री बघू की दार बघू? कडी घातली तर त्या आतून दार हलवत बसतात, ते मला बघवत नाही.

तर दुसरा भाग लिही. लॉन्ड्रीवाली तुरुंगातून पळते असं कर. तीळ ठेव, हवा तर आणखी एक घाल. आणि तिची एक म्हातारी हस्तक दाखव, गाठोडंवाली, आणि लिही की सगळा उलगडा त्या म्हातारीपाशी आहे, तिच्यावर रोज नजर पाहिजे. आणि रस्ता ओलांडताना गुप्तहेराने हस्तकाचा हात धरायचा, असा नियम आहे म्हणून लिही. ठळक अक्षरात. माझं ऐकत नाहीत, पण छापलेलं असलं की त्यांना पटतं.

ता. क. दुसरा. दुपारी मी सासूबाईंना पुस्तक वाचून दाखवते, तेवढा वेळ त्या बसतात. संपलं की विसरतात, म्हणून परत पहिल्यापासून. त्यांना चोर कोण ते दर वेळी नव्याने कळतं. मग माझा तीळ बघतात आणि म्हणतात, मला वाटलंच होतं. माझं मात्र ते पाठ झालंय आणि ती बाई तुरुंगातून पुढे कुठे गेली ते कळल्याशिवाय मला चैन नाही. तेव्हा लवकर लिही. वेळ नाही मला.