गंगाक्काच्या नावाला दुसरं शेपूट

बुधवार, संध्याकाळ

इंटरनेटवरच्या नावामागं लावायची ही डॉट कॉम, डॉट शॉप असली शेपटं काय कमी पडली, म्हणून आता आणखी नवी येणार म्हणे. आज खासबागेतल्या बाई पिशवी घेऊनच दारात आल्या. "गंगाक्का, मसाल्यात भुसा घालाय लागलासा काय?" पिशवीवर 'गंगाक्काचा मसाला', पण आतला मसाला माझा न्हवं. भाची रूपा आमची साईट सांभाळती. पिशवीवरचा पत्ता बघून ती म्हणाली, "आत्या, आपलं डॉट कॉम. हे दुसऱ्याच कुणाचं डॉट शॉप."

बायका एकमेकींना नाव तोंडानं सांगतात, शेपूट कोण सांगतंय? गावात तीन गंगाक्का असल्या तरी घर कोण चुकत न्हाय. मिरची भाजल्याचा ठसका कुठनं येतोय ते कळतं.

रूपा वर मलाच विचारती, "नवी शेपटं नसली तर धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरींनी नाव आणायचं कुठनं? डॉट कॉममधली चांगली नावं कधीच गेल्यात." असंल खरं. तेच डोक्यात घोळतंय. पण नवं शेपूट लावून जुनंच नाव उचलायचं, ह्यात नव्या पोरीचं काय भलं झालं? आणि भुसा म्हणे. माझ्या मसाल्यात.

ती म्हणती, नवी शेपटं आपणच घेऊन ठेवू. किती घेत बसू? मी न्हाय घेणार. रूपाला सांगून त्या डॉट शॉपवाल्यांना लिहायला लावलंय, तुमच्यात गंगाक्का कोण हाय? शनिवारपर्यंत सांगा, न्हायतर नाव सोडा.