हातमोज्याची नाडी

ता. १९ ऑक्टोबर
दुकानाची मागची खोली

प्रिय भाऊजी,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही आणि जाऊबाई बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायचा हक्क मी अकरा वर्षांपूर्वीच घालवला. हे गेल्याचंही तुम्हाला परक्यांकडून कळलं. त्याला दोन वर्षं झाली.

दुकान चालू आहे. घड्याळं दुरुस्तीला फारशी येत नाहीत, लोक सेल आणि पट्टे बदलून नेतात. तेवढं मला जमतं. समोरच्या यांच्या खुर्चीवर मी शिवणाची टोपली ठेवली होती. खुर्ची रिकामी दिसली की माणसं हळू आवाजात बोलतात, ते मला आवडत नाही.

आता बातमी. तुम्ही यांना ज्या शिखरावर नेलं होतं, तिथे मी जाऊन आले. हसू नका. सहा हजार शंभर मीटर, वय अठ्ठावन्न, आणि त्याआधी चढलेली सगळ्यात मोठी चढण म्हणजे वाचनालयाचा जिना. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला पुस्तकाशिवाय धीर येत नाही, म्हणून वर्षभर हिमालयावरचं मिळेल ते वाचलं. ग्रंथपालबाई शेवटी म्हणाल्या, "बर्फ संपला हो आता. वाळवंट देऊ का?"

पुस्तकात सगळं होतं. श्वास कसा घ्यायचा, बुटांना काटे कसे बांधायचे, पाणी किती प्यायचं. वर शेवटच्या दोराशी वारा किती असतो, ते मात्र कळेना.

तंबूत माझ्याबरोबर दोन कॉलेजच्या मुली होत्या. चांगल्या होत्या. माझ्यासाठी हळू चालायच्या आणि तसं दाखवायच्या नाहीत. त्यांना रोज कोणाला ना कोणाला काही सांगायचं असे, खाली गेल्यावर कळवायच्या गोष्टींची त्या यादीच करत होत्या. मी पडल्या पडल्या विचार करायची, आपण कोणाला सांगणार? तर तुमचंच नाव यायचं. मग मी कूस बदलायची.

शिखरावर पोचले. दहा मिनिटं थांबले. फोटोत मी एकटी आहे, डोळे मिटलेले आले आहेत. पण सांगायचं ते वरचं नाही, खालचं आहे.

चढाईच्या आदल्या दुपारी वाटाड्या सगळ्यांचं सामान तपासत होता. मला म्हणाला, "आई, हातमोज्यांच्या नाड्या दाखवा."

मी म्हटलं, "अरे, मी शिवणकाम करणारी बाई. स्वतः शिवलेत. त्यात बघायचं काय?"

"म्हणूनच बघतो. शिवणारी माणसं टाके बघतात. वारा नाडी बघतो."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यानं नाड्या ओढून बघितल्या.

भाऊजी, तुम्ही तेव्हा चिठ्ठीत चित्र काढून पाठवलं होतं. हातमोज्याला नाडी लावा, ती बाहीतून घेऊन दुसऱ्या हातमोज्याला जोडा. मी तशी शिवली होती. मग कोट हँगरवर लावून बघितला. दोन्ही बाह्यांतून हातमोजे लोंबत होते, बालवाडीतल्या पोरासारखे. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस चारचौघांत हे घालून जाणार? लोक हसतील, आणि शिवण माझी म्हणून मलाही नावं ठेवतील. मी नाडी कापली. टोकं आत दुमडून असे बारीक टाके घातले की तिथे कधी काही होतं हे कोणाला दिसू नये. यांना ती कधी होती हेच माहीत नव्हतं. तुम्ही तपासलं नाहीत, कारण वहिनीनं शिवलंय म्हटल्यावर तुम्हाला बघावंसं वाटलं नाही.

शेवटच्या दोराशी वाऱ्यानं यांचा उजवा हातमोजा उडवून नेला, त्या हाताची दोन बोटं बर्फानं काळी पडून गेली, आणि तुम्ही उरलेला एक हातमोजा घेऊन घरी आलात. टेबलावर ठेवताना तुम्ही त्या शिवणीवरून अंगठा फिरवलात. मला दिसलं. हे ओरडत होते, "तू मला तिथे नेलंस, तू नीट बघितलं नाहीस!" तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "हो दादा. माझीच चूक." मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढची नऊ वर्षं यांची बोटं मी झाले. हे भिंग लावून सांगायचे, मी चिमटा धरायची. "डावीकडे. अगं, तुझं नाही, घड्याळाचं डावीकडे." आम्ही हसायचो. लग्नानंतर इतक्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. तिथे, त्या टेबलाशी, मी रोज सांगू शकले असते. सांगितलं असतं तर यांनी मला माफही केलं असतं, आणि अबोला सोडून तुम्हाला हाक मारली असती. पण मग यांच्याजवळ तुम्ही बसला असतात, आणि माझी ती खुर्ची मला सोडवेना. खरं आहे ते एवढंच.

मीही त्याच शेवटच्या दोराशी पोचले. तिथे कडी अडकवायला जाड हातमोजा काढावा लागतो. मी काढला आणि वाऱ्यानं तो हातातून हिसकावून घेतला. मी किंचाळले. पाहते तर तो माझ्या गुडघ्याशी नाडीला लटकत होता. वाटाड्या वरून ओरडला, "आई, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच झालं नाही."

एवढंच व्हायला हवं होतं ना, भाऊजी, तेव्हा? काहीच नाही.

तो जुना हातमोजा या पत्राबरोबर पाठवते. माझे टाके उसवले आहेत, कापलेली टोकं बाहेर काढून ठेवली आहेत. जाऊबाईंना दाखवा आणि पत्र वाचून दाखवा. त्यांच्यासमोरही तुम्ही माझ्या वाटचे गुन्हेगार होऊन राहिलात. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. दुकान सहाला बंद होतं. टोपली मी खुर्चीवरून खाली काढून ठेवली आहे.

जिनं नाडी कापली ती,
तुमची वहिनी