मला मार्गदर्शक केलं त्याची हकीकत

चिरंजीव प्रेमराज यास दोंडाईच्याहून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघ्याला वेगळा आशीर्वाद, कारण तुझी बायको म्हणाली की तो तुझं ऐकत नाही. (तुझं कोण ऐकतं? भुसावळच्या पार्सल हापिसात जन्म गेला तुझा, पण तू आवाज चढवल्याचं माझ्या कानावर नाही. त्या बाबतीत आपण एका आईची लेकरं वाटत नाही.) कैऱ्या पाठवल्यास त्या पोचल्या, आंबट होत्या, सून म्हणाली गोड आहेत, तिची जीभ तशीच आहे. फोन का केला नाही विचारशील, तर फोन तिच्या हातात असतो आणि तिला स्पीकर लावायची हौस आहे. म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिते, चष्मा लावून वाच. इकडे सगळे मजेत आहेत. मी तेवढी मेल्यात जमा आहे, ते आता सांगते.

आमचा पापड-बिबड्यांचा बचत गट मी उभा केला आणि आजवर मीच हाकला. हाकायची रीत साधी होती. जिचा हात थांबला तिचं माहेर काढायचं. जिचं तोंड थांबलं तिला काही नाही (अशी बाई अजून गटात यायची आहे). तर माझी नात दीपमाला, जळगावला कुठल्याशा कंपनीत माणसांना शहाणं करायच्या खात्यात आहे ती, सुट्टीत आली आणि म्हणाली, "आजी, तुझं नेतृत्व जुनं झालं. आता नेतृत्व मूल्यांवर चालतं, शिव्यांवर नाही." मी म्हटलं, बाई, मी शिव्या काही कोणालाही देत नाही, कामाच्या बाईलाच देते. पण तिनं ऐकलं नाही आणि ज्योत्स्ना मॅडमला घेऊन आली. मॅडम बाई चांगली. दात पांढरे, आवाज असा की रागवावं म्हटलं तरी आपल्यालाच ओशाळं व्हावं.

मॅडमनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, मनाला विचारा, आपण इथे का येतो? भर दुपारी, दोंडाईच्याच्या उन्हाळ्यात, बायकांना डोळे मिटायला सांगितलं! दोघी जागच्या जागी घोरायला लागल्या. सुंदरबाई म्हणाली, सासूचं तोंड दिसत नाही म्हणून येते. नाजमीन म्हणाली, इथे पंखा आहे. युसूफ टेलरची कनीज, तुला आठवत असेल, तुला भाऊ म्हणते आणि राखी पाठवते ती, ती म्हणाली, "बिबडे थापाले." मॅडमचं तोंड उतरलं. ते काम झालं, म्हणे, हेतू सांगा. कनीज म्हणाली, "हेतू बी तोच शे." शेवटी मॅडमनं स्वतःच कागदावर लिहिलं, आम्ही एकमेकींना मोठं करण्यासाठी एकत्र येतो, आणि भिंतीला चिकटवलं. खाली मूल्यं आली. प्रामाणिकपणा, ऐकून घेणं, सगळ्यांच्या मताला सारखं वजन. आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, अक्का, खरा पुढारी तो, ज्याच्यावाचून कोणाचं अडत नाही.

आता इथे मी फसले. एखादीनं हसून सोडून दिलं असतं, पण मला ते पटलं. मनात आलं, आपलं वय झालं, उद्या आपण गेलो की या बाया तिसऱ्याच दिवशी भांडून घरोघर बसतील आणि गट मोडेल. (हे तुलाच सांगते. बाहेर बोललास तर गुडघ्याचा दुसरा आशीर्वाद लाटण्यानं देईन.) म्हणून मी मूल्यं पाळायला बसले. उपास पाळावा तशी पाळली. सकाळी गेले, पाटावर बसले आणि तोंड बंद. सुंदरबाईनं पापड असा लाटला की त्याला खान्देशचा नकाशा म्हणावं, तरी मी म्हटलं, तुला स्वतःला कसा वाटतो? तिनं लाटणंच खाली ठेवलं. मागे कुजबूज सुरू झाली, "अक्काले काय व्हयनं?" दुपारी सुंदरबाईनं मिरच्या-मीठ आणून माझी दृष्ट काढली. ठसका सगळ्यांना लागला, मला सोडून. त्यावरून तर बायांची खात्रीच पटली.

आखाजी (सुनेच्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया) तोंडावर होती. लेकी माहेरी येतात, त्यांच्या शिदोरीसाठी एका दुकानदारानं आमच्याकडे बिबडे सांगितले होते. बिबड्याचं तुला सांगायला नको, भिजवून दळलेली ज्वारी शिजली की गरम असतानाच ओल्या धोतरावर थापायची, गार झाली की थापलेलं फाटतं. पहाटे पातेलं उतरवलं. मी थापा म्हणणार, तेवढ्यात भिंत दिसली. म्हणून विचारलं, बायांनो, तीळ आत घालायचे की वरून लावायचे? आजवर हे मी कधी विचारलं नव्हतं, म्हणून आजवर बिबडे झाले होते. एकीचं मत आत. एकीचं वर. एकीच्या सासरी तीळ चालतच नाहीत. नाजमीन म्हणाली, ज्यांचं मत नाही त्यांचंही मत घ्या. सगळ्यांना सारखं वजन! मी ऐकत बसले. आतून जीव तुटत होता, रे. वाफ थांबलेली मला दिसत होती, पण मी प्रत्येकीला होय बाई, होय बाई म्हणत होते. सूर्य वर आला तेव्हा एकमत झालं आणि पीठ दगड झालं. ते शेळ्यांना घातलं. शेळ्यांनीही आधी एकमेकींकडे पाहिलं.

तेव्हा कनीज उठली. मॅडमला विचारलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही, मला तर नाहीच नाही. दुसरं पातेलं चुलीवर चढवलं आणि ओरडली, "बठ्ठ्या उठा! तोंड मिटा, हात चालवा!" आणि सगळ्याच्या सगळ्या उठल्या. प्रेमराज, माझेच शब्द, माझाच सूर, फक्त गळा तरुण. आखाजीच्या आत माल गेला. मॅडमला कळलं तेव्हा तिला आनंद मावेना. म्हणाली, अक्का, तुम्ही नवं नेतृत्व घडवलंत! (मी काय घडवलं? मी पीठ गार केलं.) मग नारळ आला, शाल आली, आणि मला गटाची मार्गदर्शक केलं.

मार्गदर्शक म्हणजे काय ते ऐक. पंख्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची. पिठाला हात लावू गेलं की सगळ्या एका सुरात म्हणतात, अक्का, तुम्ही बसा. लाटणं उचललं की हातातून काढून घेतात, वर प्रेमानं. चहा पहिला मला. माझ्यापुढे कोणी कोणाची निंदा करत नाही, आवाज खाली ठेवतात, देवळात आल्यासारख्या. त्या खुर्चीवर बसून मला फक्त हार घालायचा राहिला होता. म्हणून आठ दिवस झाले, मी जात नाही. घरी बसते. दीपक म्हणतो, आई, आता आराम कर. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाला आराम कर म्हणायला लागतात, तिथे शेजाऱ्यांनी बांबू पाहून ठेवावेत. सुनेनं टीव्ही लावून दिला आहे. त्यात एक सासू आहे, ती नुसती दागिने घालून रडते. तिला एक पाट आणि एक लाटणं द्यावं असं रोज वाटतं.

तर असं आहे. गट नीट चालला आहे, माझ्यावाचून कोणाचं अडत नाही, मॅडमचं म्हणणं खरं झालं. मला कसलंही दुःख नाही. कनीजवर राग तर मुळीच नाही. घरातल्या लहानथोरांना ज्याचं त्याचं देऊन पत्र आवरते.

तुझी,
ताईबाई

ता. क. कनीज तुझा शब्द मोडत नाही. तिला फोन कर आणि आपणहून सुचल्यासारखं सांग, की अक्काला खालच्या ओळीत, कोपऱ्यात का होईना, थापायला बसू दे. खुर्ची नको, शाल परत घे म्हणावं. मी सांगितलं असं म्हणू नकोस. मी जाऊन मागणार नाही, मेले तरी.

आणखी एक. पत्र टाकायला दीपकला वेळ नव्हता म्हणून इथेच पडलं होतं, तोवर आज पहाटे मीच गेले. कोणाला विचारलं नाही, खुर्ची पायानं सरकवली आणि धोतराच्या कडेला बसून एक बिबडा थापला. कनीज आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, कड जाड शे. फिरी थापा." या जन्मात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी तो मोडला आणि पुन्हा थापला. तिनं पुढचा गोळा माझ्यापुढे टाकला. उद्या पहाटे पुन्हा बोलावलं आहे, उशीर करू नका म्हणाली.

तेव्हा फोन कर, पण जागेचं बोलू नकोस. एवढंच सांग, की कड जाड नव्हती.