जनरेटरजवळचं खोकं

सोमवार, ३
आज सकाळपासून जनरेटर तीनदा बंद पडला. ही ताजी खबर खुद्द कप्तानाची. मी बोटीवर धड पाय टेकायच्या आत त्याने ती दिली. म्हणाला, या मिस्त्री, तुमचीच वाट बघत होतो. इतक्या मानाने मला सासरीही कोणी बोलावलं नाही.

बोट जुनी, खाडीच्या मधोमध नांगरलेली. गाळ काढणारे कामगार इथे मुक्कामाला असतात. ते पंधरा दिवस सुट्टीवर गेलेत. उरलो आम्ही तिघं: कप्तान, आचारी आणि मी. बोटीच्या तळाला कुठेतरी गळती आहे, म्हणून पंप अखंड चालतो, आणि पंप चालतो जनरेटरवर. तो अर्धा तास थांबला तर खाली गुडघाभर पाणी, असं कप्तान म्हणाला. काम चार दिवसांचं. घरी बायकोचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी वीस तारीख दिली आहे. त्याआधी घरी येतो असा शब्द देऊन निघालोय. ही वहीही तिनेच दिली. म्हणाली, फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतोस, लिहून आण, म्हणजे काय केलंस ते कळेल तरी.

एक गंमत. आचारी भाजी इंजिनखोलीत चिरतो. जनरेटरला लागून एक लाकडी खोकं आहे, त्यावर बसून, मांडीवर फळी घेऊन. मी म्हटलं, काका, कांद्याला डिझेलचा वास लागेल. तो म्हणाला, लागलाच आहे, दोन वर्षांत कोणी तक्रार केली नाही. माणूस बोलायला गोड, पण पांढराफटक. अंधारात राहिलेल्या बटाट्याच्या कोंबासारखा.

मंगळवार, ४
डिझेलचा फिल्टर बदलला. नळीने एअर धरली असेल, म्हणजे आत हवा अडकली असेल, म्हणून ती हवा काढली. मग दोन तास जनरेटर असा चालला की मीच माझी पाठ थोपटून घेतली. आचाऱ्याने खोक्यावरून मान डोलावली आणि तो चूल पेटवायला वर गेला. मी हात पुसतोय तोच मशीन बंद. माझं नाक कापलं गेलं. आचारी धावतच खाली आला आणि म्हणाला, करा सुरू, आता होईल. झालाही.

बुधवार, ५
थंड करणारं पाणी ज्या जाळीतून येतं ती साफ केली. ऑइल पाहिलं. मशीन तापल्यावर आपोआप बंद करणारा सेन्सर सोडवून पाहिला. सगळं ठणठणीत. तरी तीनदा बंद: साडेसात, साडेअकरा, सहा.

गुरुवार, ६
बंद पडण्याच्या वेळा एका कागदावर मांडल्या. प्रत्येक वेळी आचारी रांधायला वर गेलेला. दुसरं काहीच जुळत नाही. कप्तानाला हसत सांगितलं, तुमच्या जनरेटरचा आचाऱ्यावर जीव जडलाय. तो हसला नाही. चार दिवस लागले तुम्हाला, एवढंच म्हणाला.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. ज्या भागाचा संशय, तो काढायचा आणि त्याच्या जागी दुसरा लावून बघायचा. म्हटलं, उद्या आचाऱ्याच्या जागी मी बसतो. वेडेपणा आहे, पण शंका फिटेल.

शुक्रवार, ७
आचारी उठला. जरा इथे बसा, मी आलोच, म्हणाला. मी बसलो. खोक्याच्या फळीला बसून बसून खळगा पडलाय. मला तो बेतून केल्यासारखा बसला. आचारी जिना चढून गेला आणि मशीन चालूच राहिलं. मी आनंदाने हाक मारली. वरून ओ आली नाही.

मग गोल खिडकीतून होडी दिसली. कप्तान वल्ही मारत होता. समोर आचारी, मांडीवर पिशवी. ती पिशवी पहिल्या दिवसापासून भरून जिन्याखाली ठेवलेली होती. मी रोज तिच्या शेजारून जात होतो. तो उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून बसला होता.

मी जिन्याकडे धावलो. तिसऱ्या पायरीवर मशीन बंद पडलं. वरचं दार ढकलत राहिलो, ते उघडेना; तोवर पाणी घोट्यापर्यंत आलं. परत येऊन खोक्यावर बसलो— आपसूक सुरू झालं. मी बटणाला हात लावला नव्हता.

शनिवार, ८
दाराला बाहेरून कडी. माझा फोन वरच राहिलाय. थाळी खालच्या फटीतून येते. कप्तान दाराआडून अगदी शांतपणे बोलला: पाणी आधी तुमच्याकडे येतं मिस्त्री, तेव्हा बसून राहा. आणि आचाऱ्याला शिव्या देऊ नका. तोही मिस्त्री म्हणूनच आला होता.

रविवार, ९
श्वास रोखून पाहिला. मशीनचा आवाज उतरला. पंप धापा टाकू लागला. श्वास घेतला— चढला. पुन्हा रोखला. पुन्हा तेच.

सगळे बोल्ट सोडून टाकावेत म्हणून पाना उचलला. पहिला बोल्ट हलला आणि माझ्याच छातीत—

पाना खाली ठेवला.

सोमवार, १०
कप्तानाने माझ्या घरी फोन केला, दाराआडून त्यानेच सांगितलं. धाकट्या भावाला सुटा भाग घेऊन बोलावलंय. दादा अडकलाय म्हटल्यावर लगेच निघतो म्हणाला. उद्या सकाळी येईल. पान्यांचे नंबर मीच शिकवले त्याला, बोटाला धरून.

जिन्यावर असतानाच ओरडून सांगणार. खाली उतरू नकोस. पळ.

वीस तारखेला दहाच दिवस—

मंगळवार, ११
होडी दिसते. तो उभा आहे. होडीत उभं राहू नये, कितीदा सांगितलं गाढवाला. हात हलवतोय.

ओरडेन. आत्ता नाही, ऐकू जाणार नाही. जवळ आला की.

माझी पिशवी जिन्याखाली आहे. कधी भरली मी—

कडी निघाली. पावलं. हसतोय. दादा, म्हणतोय, एवढ्याशा मशीनने तुला रडवलं होय?

आता ओरडायचं.

दारात आलाय. आता फक्त एवढंच म्हणायचं, ये रे, जरा इथे बस, मी आ