चौथी वायर

प्रिय खटपटी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी फोन हातात घेशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: हे पूर्ण वाचून होईपर्यंत फोन करायचा नाही. मेसेज करता येत असताना बाबांनी पत्र का लिहिलं, ते शेवटी कळेल. मी वायरमन माणूस. आधी मेन स्विच बंद करतो, मगच बोर्डात हात घालतो. तेव्हा मला माझ्या क्रमानेच सांगू दे, आणि उडी मारून शेवटचं पान वाचू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू तेच करायचीस.

तर, तुझं ते अर्धवट कॉम्प्युटरचं मशीन मी पूर्ण केलं. तू घर सोडलंस तेव्हा ते टेबलावर जसं उघडं पडलं होतं, तसंच आजवर होतं. आत सगळं बसवलेलं, फक्त पंख्यांचं राहिलेलं. वाऱ्याची सोय न करताच बिचाऱ्याला वाऱ्यावर सोडून गेलीस. गेले काही आठवडे मी तुला पंख्यांबद्दल जे प्रश्न विचारून भंडावून सोडलं, ते त्यासाठी. तुला वाटलं असेल, बाबांना रिटायर झाल्यावर रिकामपणाचे उद्योग सुचतायत. उत्तरंही तू तशीच दिलीस. आधी एका शब्दात, मग दोन ओळींत, आणि परवा तर चक्क आकृती काढून पाठवलीस. ती मी तुझ्या आईला दाखवली. तिने चष्मा लावून नीट बघितली आणि अक्षर सुधारलंय, एवढंच म्हणाली. मग फोन परत द्यायला मात्र तिने बराच वेळ लावला.

उद्योग रिकामपणाचा नव्हता. मला ते मशीन चालू हवं होतं आणि चालताना त्याचा आवाज अजिबात नको होता, कारण त्याच्यासमोर बसून तुझ्या आईला बोलायचं आहे. तिच्या घशाचं ऑपरेशन आहे, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. स्वरयंत्र काढावं लागणार. गाठ वेळेत सापडली, जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून अगदी वैताग आणला आहे. पण आवाज जाणार. आता हातातला फोन खाली ठेव आणि पुढे वाच.

हॉस्पिटलात एक बाई आहेत, ऑपरेशननंतर माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं की असा एक प्रोग्राम आहे, त्यात आधीच भरपूर वाक्यं बोलून ठेवली तर नंतर आईने टाइप केलेलं मशीन तिच्याच आवाजात बोलून दाखवतं. फक्त मशीन दमदार लागतं आणि रेकॉर्डिंग स्वच्छ लागतं. मागे जरा कुठे घरघर झाली की प्रोग्राम लाल फुली दाखवतो आणि पुन्हा बोला म्हणतो. दमदार मशीन आपल्या घरात एकच, तेही तुझं आणि अर्धवट. मी म्हटलं, आयुष्यभर लोकांच्या छताला पंखे टांगले, हे वीतभर पंखे ते काय! इथेच गाडं अडलं.

तुझी ती भली मोठी जुनी पिन घेतली, चार भोकांची. त्यातून निघणाऱ्या वायरी पिवळी, लाल आणि दोन काळ्या. आता मला सांग, मी घराघरांत वायरिंग करणारा, मी कोणती वायर धरणार? लाल म्हणजे जिवंत, काळी म्हणजे परतीची, हे माझ्या रक्तात भिनलेलं. पिवळीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. तिन्ही पंखे लाल-काळीवर जोडले आणि बटण दाबलं तर इतकी शांतता की मी स्वतःचीच पाठ थोपटली. मग बघतो तर एकही पंखा फिरत नव्हता! पेन्सिलीने पात्याला टिचकी मारली की फिरायचा, मऊशार, आवाज न करता. मला वाटलं, नवीन पंखे आहेत, सुरुवातीला लाजत असतील. रोज सकाळी मी पेन्सिल घेऊन त्यांना उठवायला लागलो. शिवाय आवाज आणखी दाबायला पेटीत आतून जुन्या गादीचा फोम चिकटवला, तो थेट हवेच्या जाळीवर. परिणाम काय, तुझी आई पहिल्याच दिवशी नवव्या का दहाव्या वाक्यावर असताना मशीन तापून धाडकन बंद पडलं. ती म्हणाली, अहो, याचा घसा माझ्याआधी गेला.

ती हे हसत म्हणाली. मी उठून टेस्टर शोधायचं निमित्त करून दुसऱ्या खोलीत गेलो.

पिवळीत बारा व्होल्ट आणि लालमध्ये पाचच, हे तू सांगितलंस तेव्हा मला आधी तुझा राग आला, मग ज्याने हे रंग ठरवले त्याचा. तुला हसू आवरलं नसणार. हसण्याच्या चित्रांची एक अख्खी ओळ आली होती तुझ्याकडून, दोन वर्षांत पहिल्यांदा. ती ओळही मी आईला दाखवली. कोणाला हसतेय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला. मग ठीक आहे, म्हणाली.

फोम काढला. पुढचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर फेकणारा, हे एकदा उलटं बसवून मग सुलटं केलं. स्क्रूच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातले, त्यामुळे पेटीची थरथर गेली. हे मात्र माझं स्वतःचं डोकं, तुझ्या आकृतीत ते नव्हतं. पिवळीवर पंखे भन्नाट फिरायचे, पण आवाज असा की शेजारी दळण चालू आहे. मग तू म्हणालीस, पिन सोडा, पंखे सरळ मदरबोर्डवर जोडा आणि वेग तिथून ठरवा. नवीन पंख्यांना चार वायरी कशाला, हे मला तेव्हा समजलं. एक वायर वीज आणते, एक परत नेते, तिसरी मी किती फिरलो ते कळवते, आणि चौथी किती फिरायचं त्याचा हुकूम आणते. मी आईला म्हटलं, आपल्या घरात चौथी वायर तू आहेस. ती म्हणाली, तिसरी कोण ते कळू दे, मी कुठे किती फिरले ते इथे कोणी विचारतच नाही.

आणि तुझ्या आईचा कान! एसटी स्टँडवर गाड्या पुकारत इतकी वर्षं माईकसमोर बसलेल्या बाईचा तो कान, त्याला काय सुटतंय? सगळं लागलं, वेग कमी केला, मला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं, तर ही दारातून म्हणते, मागचा गुणगुणतोय. मी म्हटलं, शक्यच नाही. बघितलं तर एक वायर पात्याला हलकीच घासत होती. तिने आपल्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि सगळ्या वायरी एकत्र करून इतक्या सुबक बांधल्या की तू बघत राहशील. हीच ती बाई, कॉम्प्युटरचे डबे जोडून पोट भरत नाही म्हणणारी. आता ती मशीनच्या त्याच डब्यावर रोज फडकं फिरवते आणि मी हात लावला तर ओरडते. त्याला तुझा डबा न म्हणता आपला डबा म्हणते.

तुमच्या त्या भांडणाविषयी मी कधीच काही बोललो नाही, आजही न्यायनिवाडा करत नाही. ती म्हणाली डबे, आणि तू म्हणालीस की आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सुटल्याचं सांगत बसण्यापेक्षा बरं. दोघींनीही नेम धरून मारलं आणि दोघींचाही बरोबर लागला. तेव्हापासून तू मला मेसेज करतेस आणि ती मला विचारते, आला का. तुम्हा दोघींमध्ये मी तिसरी वायर झालोय, इकडचं तिकडे कळवणारी. त्याची तक्रार नाही. पण त्या वायरीतून हुकूम जात नाही आणि आवाजही जात नाही.

तर मशीन शांत झालं. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि झरझर पुढे गेलं. लाल फुली एकही नाही, सगळ्या हिरव्या खुणा. हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या, इतकं स्वच्छ बोलणारं माणूस त्यांनी पाहिलं नाही. मला केवढा अभिमान वाटला! मग आम्ही पहिल्यांदा मशीनला बोलायला लावलं. आईने टाइप केलं, अहो, चहा झालाय. आणि मशीन बोललं, तिच्याच आवाजात, एकेक अक्षर सुटं, शेवटचा शब्द किंचित वर नेऊन. ऐकून मी बॅग उचलून फलाटावर जायच्या बेतात होतो! तुझ्या आईने कपाळाला हात लावला. तिची काही चूक नाही. समोर माईक आला की तिची पाठ ताठ होते, हनुवटी वर जाते आणि आतून ती स्टँडवरची बाई बोलायला लागते. अख्ख्या गावाने ऐकलेला आवाज तो. घरातला आवाज वेगळा, थोडा नाकातला, घाईचा, वाक्य संपायच्या आत दुसरं वाक्य ढकलणारा. तो आवाज त्या मशीनमध्ये कुठेच नाही.

मी हरतऱ्हेने प्रयत्न केले. माईकवर रुमाल टाकला, तिला पाठ करून बसवलं, जुन्या गोष्टी काढल्या, विनोद केले. माझ्या विनोदांना ती कधीच हसली नाही, आता कशी हसेल? शेवटी मी म्हटलं, ते सगळं राहू दे, तू फक्त कार्टे म्हण. तिला हाक मारायचीस तशी, जिन्यातून, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी. तिने डोळे मिटले, खूप प्रामाणिकपणे प्रयत्न केला, आणि म्हणाली, कार्टे. पुढचं गाव असावं तसं. कार्टे, जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. आम्ही दोघं खूप हसलो. मग ती म्हणाली, समोर कोणी नसताना कशी म्हणू?

तुझ्या त्या पंख्यांचा मी एकदा प्रयोग करून बघितला. मला वाटलं, चौथी वायर काढली की पंखा थांबेल. थांबला नाही. हुकूम येईनासा झाला की तो पूर्ण वेगाने फिरत सुटतो, गरज असो नसो, घुंऽऽ करत. गेला महिनाभर मी तसाच फिरतोय. पंखे, रबर, वायरी, व्होल्ट. सगळं तुझ्या आईची काळजी म्हणून केलं हे खरंच आहे, पण हात थांबले की मला भीती वाटते, म्हणूनही केलं. पुढच्या महिन्यापासून या घरात मला अहो म्हणून कोण ओरडणार, हा विचार माझ्याच्याने करवत नाही.

तर आता पत्राचं कारण. तुला काही सांगायचं नाही असं तिने मला बजावलं आहे. दया म्हणून यायची असेल तर नको, म्हणाली. फोन करणार नाही आणि मेसेज करणार नाही, असं मी तिला वचन दिलं. पत्राचा विषय निघाला नव्हता, तेव्हा वचन शाबूत आहे. येत्या रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तिच्या फोनवर फोन कर. माझ्या नव्हे, तिच्या. मशीन चालू असेल आणि माईक तिच्यासमोरच असेल, लपवणार नाही. आज वाक्यं राहिलीत एवढंच सांगून बसवीन तिला. तू समोर असलीस की तिला माईक काय आणि भिंत काय, काही दिसत नाही. फोन तिच्या कानाला असेल, म्हणजे तुझा आवाज आत येणार नाही, फक्त तिचा. गोड बोलू नकोस, तब्येत विचारू नकोस, तिला लगेच कळेल की मी फुटलो. डबे जोडून पोट भरतंय म्हणून सांग, तिथूनच सुरुवात कर. ती चिडेल, मग तुझ्या खाण्यापिण्यावर घसरेल, मग कार्टे म्हणेल. तेव्हा तेवढं कर, तिला मधेच तोडू नकोस, पूर्ण म्हणू दे. रडू आलं तर फोन तोंडापासून लांब धर. रविवारनंतर हवी तेव्हा घरी ये, तुझी खोली झाडलेली आहे, पण रविवारी फक्त भांड. पंख्यांचं मी बघतो.

तुझाच,
बाबा