रिकाम्या जात्याचा आवाज

मास्तर,

आमच्या ओट्याशी उभं राहून तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात आणि मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. ते उत्तर चुकलं होतं असं मला या महिन्यात वाटू लागलं आहे. हे समजू शकेल असं दुसरं माणूस उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

आधी तुमचा वर्ग आठवतो. मिशनच्या शाळेत तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायचात आणि शाळा सुटली की आवार ओलांडून दवाखान्यात जायचात. डॉक्टरीण मडमेची मराठी प्रार्थनेपुरती, खेड्यातून आलेल्या बायाबापड्यांना इंग्रजीचा गंध नाही, आणि मध्ये दुभाषी म्हणून तुम्ही. एकदा वर्गातल्या आम्ही सगळ्यांनी ‘स्ट्रेंज’ आणि ‘पिक्युलिअर’ या दोन्ही शब्दांपुढे ‘विचित्र’ असा एकच अर्थ लिहिला. तुम्ही चिडला नाहीत. खिडकीतून मडम जाताना दिसत होती, डोक्यावर हॅट आणि हॅटच्या वर पुन्हा उघडी छत्री. तुम्ही म्हणालात, ही जालन्यात नवी होती तेव्हा पोरं हिच्या मागं धावायची. कारण कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा ती स्ट्रेंज होती. मग कळलं की उन्हानं हिची कातडी सोलते. आता कुणी धावत नाही, पण छत्री सुटली नाही. छत्री ही तिचीच खूण झाली. आता ती पिक्युलिअर. पहिला शब्द आपल्या अज्ञानाचा, दुसरा तिच्या स्वभावाचा. ओळख झाली की पहिला शब्द संपतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मंग मास्तर, सायकल घेऊन ती हातात धरून चालणारा माणूस कोणता?” रोख तुमच्यावरच होता. तुम्ही हसलात. “तो बराबर पिक्युलिअर,” म्हणालात.

मी कॉलेजातून सुटीला घरी आलो होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, भोकरदनकडच्या एका गावात दिलं होतं. त्या पावसाळ्यात तिचं तान्हं मूल तापानं गेलं. त्यानंतर ती पहाटे उठून रिकामं जातं ओढू लागली. जात्यात दाणा नाही, खाली पीठ नाही, आणि ही फिरवते आहे. रिकामं जातं फिरवणं आपल्याकडे किती अशुभ मानतात ते तुम्हाला सांगायला नको. सासरच्यांनी अंगारे केले, दोरे बांधले, शेवटी बैलगाडीत घालून तिला मिशनच्या दवाखान्यात आणलं. सांगावा मिळाला म्हणून आई आणि मीही तिथं पोचलो.

दवाखान्याचा व्हरांडा अजून तसाच डोळ्यांपुढे आहे. मडम खुर्चीवर बसली आहे, अक्का जमिनीवर, तिची सासू खांबाला टेकून. आई खाली आवारात, कडुलिंबाच्या सावलीत. पेशंटचं म्हणणं तुम्ही कधी लगेच इंग्रजीत सांगत नसायचात. आधी त्याच्याशेजारी खाली बसायचं, त्याच्याकडून सगळं ऐकायचं, मग उठून मडमेला सांगायचं, अशी तुमची रीत. तसे तुम्ही अक्काशेजारी बसलात. सासू म्हणते आहे, “घर बुडवायला बसली, मास्तर. दाणा न्हाई, पीठ न्हाई, अन् ही जातं ओढून राह्यली.” तुम्ही अक्काला हळूच विचारता, का गं बाई? ती पदराची कड बोटाला गुंडाळते. मग म्हणते, “जातं थांबलं की उठायचा तो. म्हनून थांबत न्हाई.”

त्या एका वाक्यात तुम्हाला सगळं दिसलं, आणि मलाही. दळताना पसरलेल्या पायांवर मूल निजलेलं असायचं, जात्याच्या घरघरीनं त्याला झोप लागायची. मूल गेलं, पण कानाला तो आवाज हवा. यात वेड कुठलं? तुम्ही उठलात. मडमेनं विचारलं, हे वागणं स्ट्रेंज म्हणायचं का? हो म्हटलं असतं तर ती अक्काला ठेवून घेणार होती, आणि तुम्हाला धास्ती होती ती पुढची. असे पेशंट दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात रवाना होत आणि परत आलेलं तुम्ही कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, नाही, मडम, पिक्युलिअर. आणि कारण समजावून सांगितलंत. मडमेचे डोळे भरले. तिनं अक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला घरी न्यायला सांगितलं. मला आठवतं, तुमचा मला अभिमान वाटला होता. वर्गात शिकवलेला शब्द असा माणसाच्या उपयोगी पडताना मी प्रथमच पाहत होतो.

सासूनं मात्र त्याचा आपल्यापरीनं अर्थ लावला. गाडी जुंपताना ती माझ्या आईला म्हणाली, “ऐकलं न्हवं? मडमीनं सांगितलं, येडी न्हाई. मंग येडी न्हाई तर जाणून करून राह्यली.”

वेडी म्हणून जी सांभाळून घेतली जात होती, ती त्या दिवसापासून करणी करणारी झाली. आईनं वडिलांजवळ विषय काढला, पण दिलेली लेक अशी घरी आणून ठेवता येत नाही, एवढं बोलून ते उठून गेले. अक्काला घरातून काढून शेतातल्या खोपीत ठेवलं. भाकरी कोणी नेऊन द्यायचं, कधी नाही द्यायचं. पौषात थंडी पडली. आम्हाला कळवलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

तुम्ही भेटायला आलात. सायकल हातातच होती, ओट्यावर चढला नाहीत. “मी बराबर सांगितलं होतं ना रे?” एवढंच विचारलंत. मी म्हणालो, “बिलकुल बराबर, मास्तर.” तुम्ही मान हलवलीत आणि सायकल धरून चालत गेलात. नंतर कळलं की दवाखान्यातलं काम तुम्ही सोडलं होतं. उन्हाळ्यात पटकीची साथ आली, तिच्यात तुम्ही गेलात.

मी मास्तरकीच करतो आहे. या वर्षी मुलखात जी मारकाटीची धामधूम झाली ती तुम्ही पाहिली नाहीत, हे बरंच. इतकी वर्षं शेजारी राहिलेली माणसं एकमेकांना पाहून दाराला कडी घालत होती. ओळख झाली की पहिला शब्द संपतो, हे तुमचं म्हणणं मला तेव्हाही आठवत होतं, आणि पटत नव्हतं.

आई या पावसाळ्यात गेली. तेल मिळेना म्हणून पिठाची गिरणी बंद पडली होती, तेव्हा शेजारची बाई आमचं जातं मागायला आली. अक्का दळायला शिकली ते हेच. आईनं ते कधीच कोपऱ्यात ढकललं होतं. मी वरची तळी उचलली, कोळ्याची जाळी पुसली, तळी मधल्या खिळीवर बसवली आणि नीट बसली का पाहायला खुंटा धरून फिरवली.

मास्तर, तो आवाज तसा नाही. दाणा असला की जातं घरघरतं. लहानपणी त्याच आवाजावर मीही निजलो असेन. रिकामं जातं किंचाळतं. दगडावर दगड करकरतो, दात आंबतात. त्या आवाजानं कुठलंच मूल निजणार नाही, निजलेलं असेल ते उठून बसेल. तुम्ही कधी जात्यावर बसला नव्हता, मी बसलो नव्हतो, मडमेचा तर प्रश्नच नाही. कडुलिंबाखाली आई बसली होती, तिला आपण विचारलं नाही.

मग अक्का पहाटे काय ऐकत होती? त्याला निजवायला फिरवत होती, की उठवायला? मला माहीत नाही. आपण तिला ओळखलं असं आपल्याला वाटलं. तुमच्याच व्याख्येनं पाहिलं तर मडमेला सांगायचा शब्द पहिला होता, स्ट्रेंज. तो सांगितला असता तर अक्का वाचली असती, असंही मी म्हणू शकत नाही. कदाचित ती त्या इस्पितळात मेली असती. पण तुम्ही ते विचारलंच नव्हतं. बरोबर सांगितलं का, एवढंच विचारलं होतं.

जातं मी त्या बाईला देऊन टाकलं. हा कागद कुठं पाठवण्याजोगा नाही, आणि तुम्ही असतात तरी मी तो तुमच्या हाती दिला नसता. परवा वर्गात ते दोन शब्द पुन्हा आले. मी मुलांना हॅटवरच्या छत्रीचं उदाहरण दिलं, ओळख झाली की पहिला शब्द संपतो असं सांगितलं, आणि सगळ्यांकडून ते लिहूनही घेतलं.